हजार वाहक, एक आंदोलक

१९६६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 'प्रोसीडिंग्ज' या नियतकालिकात डेव्हिड लीसन यांचे दोन पानांचे एक टिपण छापून आले. आंदोलक आपला ठेका किती आणि का चुकवतो, याचे एक साधे सूत्र त्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये रॉबर्ट चँग यांचा लेख आला. एकाच तारेतून किंवा एकाच रेडिओ पट्ट्यातून अनेक वाहक तरंग दाटीवाटीने, तरीही एकमेकांत न मिसळता, कसे पाठवता येतील हे त्यात दाखवले होते. दोन लेखांत दहा महिन्यांचे अंतर. पण एकाचा वाचक रडार आणि अवकाशयानांच्या मागे लागलेला, तर दुसऱ्याचा टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवण्याच्या खटपटीत. चँग यांच्या गणितात वाहक पुरवणारा आंदोलक चोख होता; लीसन सांगत होते की चोख आंदोलक नसतोच. या दोन गोष्टींची नीट गाठ पडायला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि ती पडली घरातल्या टीव्हीच्या ट्यूनरमध्ये. त्या गाठीची ही हकीकत आहे.

आंदोलक म्हणजे ठरावीक वारंवारतेची विद्युत्‌ स्पंदने सतत निर्माण करणारे मंडल. रेडिओ, मोबाइल, संगणक, मनगटी घड्याळ, सगळ्यांच्या पोटात तो असतो. एखाद्या क्षणी स्पंदन आपल्या फेरीत नेमके कोठे पोहोचले आहे, हे सांगणाऱ्या कोनाला कला म्हणतात. चंद्राच्या कला म्हणतो त्याच अर्थाने: पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश, आणि आज चंद्र त्या फेरीत कोठे आहे ते त्याच्या कलेवरून कळते. आदर्श आंदोलकाची कला घड्याळाच्या काट्यासारखी एकसारख्या वेगाने पुढे सरकते. खऱ्या आंदोलकाचा काटा किंचित थरथरतो. कधी पुढे जातो, कधी मागे रेंगाळतो. या थरथरीला अभियंते फेज नॉइज म्हणतात. आपण तिला कला-गोंगाट म्हणू.

ही थरथर टाळता का येत नाही? झोपाळ्याचे उदाहरण घ्या. झोका देणारा नेहमी सारख्याच जोराने ढकलत असेल आणि वाऱ्याने झोक्याची उंची थोडी वाढली, तर घर्षण ती खाली आणते. कमी झाली, तर पुढचे एकदोन धक्के ती भरून काढतात. उंची आपोआप ताळ्यावर येते. पण वाऱ्याच्या त्या झुळकीने झोका पाव सेकंद लवकर परत आला, तर ते पाव सेकंद कोण परत करणार? झोका देणारा झोक्याकडे पाहूनच धक्का देतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून नव्हे. त्यामुळे झालेली चूक तशीच राहते, आणि पुढची चूक तिच्यात जमा होते. इलेक्ट्रॉनिक आंदोलकातही हेच घडते. विवर्धक आयामावर नियंत्रण ठेवतो, पण कलेला सावरणारे कोणी नसते. चुका कधी अधिक, कधी उणे, पण त्यांची बेरीज दारुड्याच्या चालीप्रमाणे मूळ जागेपासून हळूहळू लांब जाते. चौपट वेळ गेला तर सरासरी भरकट दुप्पट होते. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे सारी अडचण त्यातूनच उभी राहणार आहे.

आणि वाऱ्याची झुळूक तर कायमचीच असते. कोणत्याही रोधकातले इलेक्ट्रॉन तापमानामुळे अव्याहत धडपडत असतात व त्याच्या टोकांशी सूक्ष्म, अनियमित विद्युत्‌ दाब निर्माण करतात. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी १९२०च्या दशकात तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचे गणित दिले. निरपेक्ष शून्याच्या वर असलेल्या प्रत्येक मंडलाला हा गोंगाट चिकटलेला असतो.

उपाय एकच: झोपाळा इतका जड आणि घर्षण इतके कमी करायचे, की झुळकीचा परिणामच नगण्य व्हावा. तसा झोपाळा निसर्गात तयार होता. प्येर व झाक क्यूरी या भावांनी १८८० साली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत्‌ भार निर्माण होतो, हे दाखवले. उलट, विद्युत्‌ दाब दिला की स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठातले वॉल्टर केडी यांनी १९२१च्या सुमारास क्वार्ट्झच्या या कंपनांना आंदोलकाचा आधार बनवले, आणि १९२७ साली वॉरन मॅरिसन यांनी बेल प्रयोगशाळेत क्वार्ट्झचे घड्याळ केले. आज मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. हा आकडा म्हणजे २चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे करत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. मुलांना हा भागाकार फळ्यावर करायला आवडतो.

क्वार्ट्झमुळे दीर्घ मुदतीचा प्रश्न बराचसा मिटला. दिवसभरात घड्याळ किती मागे पडते, एवढीच चिंता होती तोवर क्षणाक्षणाच्या थरथरीकडे कोणी फारसे पाहिले नाही. ती चिंता आणली रडारने. डॉप्लर रडार चालत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेला फरक मोजते. १० गिगाहर्ट्झच्या रडारकडे सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने येणारी वस्तू केवळ १,००० हर्ट्झचा फरक पाडते. दहा अब्जात एक हजार! शिवाय त्या वस्तूमागच्या डोंगराकडून येणारा परावर्तित संकेत कितीतरी पटींनी जोरकस असतो. आंदोलक थरथरता असला, तर डोंगराच्या संकेताच्या दोन्ही बाजूंना गोंगाटाचा पदर पसरतो आणि हजार हर्ट्झ पलीकडे असलेली क्षीण खूण त्या पदराखाली झाकली जाते. यंत्र बिघडलेले नसते, वारंवारताही सरासरीने बरोबर असते, तरी विमान दिसत नाही.

म्हणून नोव्हेंबर १९६४मध्ये आयईईई आणि नासा यांनी अल्पमुदतीच्या वारंवारता-स्थैर्यावर एक परिसंवाद घेतला. घड्याळवाले, रडारवाले आणि अणुघड्याळवाले तेथे एकत्र आले, आणि तोवर प्रत्येकजण ही थरथर वेगळ्याच भाषेत मोजत होता हे पुढे आले. १९६६च्या फेब्रुवारीचा अंक हे त्याचेच फलित. डेव्हिड ॲलन यांचा अणुघड्याळांच्या सांख्यिकीवरचा लेख, ज्यातून पुढे 'ॲलन प्रचरण' हे माप रूढ झाले, तोही याच अंकात आहे. एका अंकात असे दोन लेख ही भाग्याची गोष्ट म्हणायची.

लीसन यांचे सूत्र थोडक्यात असे. आंदोलकाच्या मूळ वारंवारतेपासून जसजसे दूर जावे तसतसा कला-गोंगाट कमी होतो. अंतर दुप्पट केले की गोंगाटाची शक्ती एक चतुर्थांश होते. एका मर्यादेपलीकडे मात्र तो आणखी उतरत नाही. ती मर्यादा अनुस्पंदकाच्या गुणांकावर, अभियंत्यांच्या भाषेत क्यूवर, अवलंबून असते. क्यू म्हणजे झोपाळ्याचे चांगलेपण: एकदा ढकलल्यावर तो किती वेळ झुलत राहतो. क्यू दुप्पट केला तर उतारावरचा गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो. चांगल्या क्वार्ट्झचा क्यू लाखाच्या घरात असतो. तारेचे वेटोळे आणि धारित्र यांच्या साध्या मंडलाचा क्यू शंभराच्या आसपास, आणि सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या वेटोळ्याचा तर दहाच्या आसपास. ही उतरंड पुढे कामी येईल.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. रेडिओ संकेत शहरात सरळ येत नाही. इमारती आणि टेकड्यांवरून परावर्तित होऊन त्याचे अनेक प्रतिध्वनीही येतात. तीन किलोमीटर जास्त वाट चालून आलेला प्रतिध्वनी १० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. माहितीची चिन्हे एकामागून एक घाईने, सेकंदाला साठसत्तर लाख या वेगाने पाठवली, तर एवढ्या वेळात साठसत्तर चिन्हे निघून गेलेली असतात आणि सगळ्यांचा काला होतो. त्याऐवजी एका घाईच्या रांगेच्या हजारो संथ रांगा केल्या तर? प्रत्येक रांगेला वेगळा वाहक, प्रत्येक चिन्ह हजारपट लांब. दहा मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी मग चिन्हाच्या सुरुवातीचा नाममात्र भाग खराब करतो, आणि तेवढा भाग राखीव ठेवून टाकून देता येतो.

कॉलिन्स रेडिओ कंपनीने १९५०च्या दशकात 'काइनप्लेक्स' या यंत्रणेत लघुलहरींवर हेच केले होते, वीस सुरांवर. पण रांगा एकमेकींना चिकटवायच्या तर त्या एकमेकींत मिसळायला नकोत. चँग यांनी त्यासाठीचे सर्वसाधारण गणित दिले. त्याचे तत्त्व आठवी-नववीच्या वर्गात चार आकड्यांवर दाखवता येते.

पहिल्या वाहकाचे चार क्षणांचे आकडे घ्या: १, १, १, १. दुसऱ्याचे: १, −१, १, −१. ग्राहकाला पहिल्यावरची माहिती हवी असेल, तर तो आलेल्या आकड्यांना पहिल्याच्या आकड्यांनी गुणून बेरीज करतो. दुसऱ्यावरची हवी असेल, तर दुसऱ्याच्या आकड्यांनी. पहिला पहिल्याशी गुणला की ४ मिळतात. पहिला दुसऱ्याशी गुणला की १ − १ + १ − १, म्हणजे शून्य. दोघे एकाच वेळी, एकाच पट्ट्यात असूनही हिशेबात एकमेकांना दिसत नाहीत. याला परस्परलंब असणे म्हणतात.

आता या हिशेबात आंदोलकाची चूक घाला. समजा, चारही क्षणी संकेत सारखाच बिघडला, प्रत्येक आकडा ०.९ पट झाला. पहिल्याची बेरीज ४ऐवजी ३.६ येईल, पण दुसऱ्याशी गुणाकार अजूनही शून्यच. नुकसान आहे, पण सर्वांचे सारखे. ०.९ हा आकडा कळला की भागून सगळे दुरुस्त करता येते. दुसऱ्या खेपेस बिघाड क्षणाक्षणाला बदलू द्या: १, ०.९, १, ०.९. पहिल्याची बेरीज ३.८. आणि दुसऱ्याशी गुणाकार? १ − ०.९ + १ − ०.९ = ०.२. शून्य राहिले नाही! पहिल्या वाहकाची माहिती दुसऱ्याच्या घरात झिरपली. खरा कला-गोंगाट आकडे लहान-मोठे करत नाही, त्यांना कोनातून फिरवतो. पण हिशेब याच वळणाने जातो. चिन्हाच्या सबंध कालावधीत कला एकसारखी ढळली तर सगळ्या वाहकांचे सारखे भ्रमण. चिन्ह चालू असतानाच ती बदलत राहिली तर वाहकावाहकांत झिरपण. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी भेद हाच, आणि तो समजायला चार आकडे पुरतात.

हजारो वाहकांसाठी हजारो आंदोलक लावणे अर्थात अशक्य होते. १९७१ साली स्टीफन वाइनस्टाइन आणि पॉल एबर्ट यांनी हे वाहक फूरिए रूपांतराने, म्हणजे निव्वळ आकडेमोडीने, तयार करता येतात हे दाखवले. त्या आकडेमोडीची झटपट रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५मध्ये दिलेलीच होती. सारे वाहक संगणकी मंडलात एकत्र तयार व्हायचे आणि मग एकाच आंदोलकाच्या साहाय्याने वरच्या वारंवारतेवर चढवायचे. ग्राहकात दुसऱ्या एकाने खाली उतरवायचे. सोय मोठीच झाली, पण हजार वाहकांचे नशीबही त्या एका आंदोलकाशी बांधले गेले. त्याचा काटा थरथरला की हजारही थरथरणार.

ही रीत ओएफडीएम या नावाने १९८०च्या दशकात युरोपच्या डिजिटल रेडिओत आली. त्यात १,५३६ वाहक आहेत, एकमेकांपासून १ किलोहर्ट्झवर. बीबीसीने ही सेवा सप्टेंबर १९९५मध्ये सुरू केली. तेथे आंदोलकाने फारसा त्रास दिला नाही, कारण रेडिओला माहिती थोडी लागते. प्रत्येक चिन्हाची कला आधीच्या चिन्हाच्या कलेशी ताडून पाहायची, म्हणजे दोन्हींमध्ये सारखी असलेली चूक वजा होते. काइनप्लेक्समध्येही हीच युक्ती होती. शिवाय कलेच्या चारच दिशा असल्याने ४५ अंशांपर्यंतची चूक चालून जाते.

टीव्हीचे तसे नाही. तेवढ्याच पट्ट्यात कितीतरी अधिक माहिती कोंबायची, तर प्रत्येक चिन्हाला चारऐवजी सोळा किंवा चौसष्ट पर्याय द्यावे लागतात. चौसष्ट पर्याय म्हणजे आलेखकागदावर आठ बाय आठचा बिंदूंचा चौकोन. हा वर्गात काढून पाहावा. x आणि y दोन्ही −७, −५, −३, −१, १, ३, ५, ७ घ्या. ग्राहक आलेला बिंदू ज्या घरात पडेल त्या घराचा मानतो. घरांच्या सीमा ०, ±२, ±४, ±६ वर. आता सगळा चौकोन मध्याभोवती फिरवत जा. कोपऱ्यातला (७, ७) हा बिंदू किती अंशांवर शेजारच्या घरात शिरतो? कोनमापकाने सुमारे ७.७ अंश येतील. सोळा बिंदूंच्या चौकोनात हीच मुभा सुमारे १७ अंश असते, आणि २५६ बिंदूंच्या चौकोनात ४ अंशांहूनही कमी. इतर गोंगाट मुळीच नाही असे धरून ही मुभा. प्रत्यक्षात तिचा थोडाच भाग आंदोलकाच्या वाट्याला येतो.

आणि टीव्हीचा आंदोलक कसला? जुन्या टीव्हीच्या ट्यूनरमध्ये वेटोळे आणि विद्युत्‌ दाबाने धारिता बदलणारा डायोड असे साधे, स्वस्त मंडल असे. क्वार्ट्झ होता, पण तो फक्त दुरून लक्ष ठेवणारा: आंदोलकाची वारंवारता भागून क्वार्ट्झशी ताडायची आणि चूक दिसली की हळूच सुधारायची. जलद थरथर या पहाऱ्यातून सुटून जाई. जुन्या टीव्हीला त्याचे काही वाटत नव्हते. चित्र आयामावर स्वार असे, आणि आवाज काढण्यासाठी चित्राच्या व आवाजाच्या वाहकांतला फरक घेत, म्हणजे दोघांची सारखी थरथर वजाबाकीत उडून जाई. वर्षानुवर्षे चाललेले ते मंडल वाईट नव्हते. त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

१९९३ साली युरोपात डीव्हीबी प्रकल्प उभा राहिला आणि जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी ओएफडीएमची निवड होऊ लागली, तेव्हा तो विचारावा लागला. १९९५ साली या विषयावरचे अनेक लेख एकदम दिसतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातले पोले, व्हान ब्लाडेल आणि मूनेक्ले यांनी दाखवले की दारुड्याच्या चालीसारख्या कला-गोंगाटामुळे होणारे नुकसान वाहकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते; एकच वाहक वापरणाऱ्या यंत्रणेपेक्षा ओएफडीएम कित्येक पटींनी नाजूक आहे. जर्मनीतले रॉबर्टसन आणि कायझर यांनी सर्वांचे सारखे भ्रमण आणि झिरपण हा भेद स्पष्ट केला. त्याच वर्षी क्लाउस मुशालिक यांनी ट्यूनरच्या आंदोलकांचा ओएफडीएम संकेतावर होणारा परिणाम तपासला. १९९८ साली बीबीसीच्या संशोधन विभागातले जोनाथन स्टॉट यांनी सगळ्याची सुबोध मांडणी केली. ग्राहक बनवणाऱ्यांना ट्यूनरकडून नेमके काय मागायचे हे त्यातून कळते.

या निष्कर्षातली गोम पाहा. हजारो संथ रांगा करण्याचे कारण काय, तर लांबलचक चिन्ह प्रतिध्वनीला भीक घालत नाही. आणि नाजूकपणाचे कारण काय? तेच लांबलचक चिन्ह. ते जितका वेळ चालते, तितका वेळ आंदोलकाला भरकटायला मिळतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वाहक जितके जवळजवळ, तितका शेजाऱ्याच्या गोंगाटाचा उंच पदर आपल्या अंगावर येतो. लीसन यांचा उतार येथे नेमका लागू पडतो. हे दोन वेगळे गुण-दोष नव्हेत. एकाच लांबीची ही दोन नावे आहेत.

डीव्हीबी-टीच्या १९९७च्या मानकात म्हणून दोन पर्याय ठेवले गेले. एकात १,७०५ वाहक, ४,४६४ हर्ट्झच्या अंतरावर, चिन्ह २२४ मायक्रोसेकंदांचे. दुसऱ्यात ६,८१७ वाहक, १,११६ हर्ट्झच्या अंतरावर, चिन्ह ८९६ मायक्रोसेकंदांचे. चिन्हाच्या एक चतुर्थांश वेळ राखीव ठेवला तर पहिल्यात सुमारे १७ किलोमीटर जास्त चालून आलेला प्रतिध्वनी सोसतो, दुसऱ्यात सुमारे ६७ किलोमीटर. एवढी मुभा असली की सबंध प्रदेशातली प्रक्षेपणकेंद्रे एकाच वारंवारतेवर चालवता येतात. शेजारचे केंद्र हा केवळ एक उशिराचा प्रतिध्वनी ठरतो. ब्रिटनने १९९८ साली सेवा सुरू केली ती पहिल्या पर्यायाने. तेव्हा मोठ्या रूपांतराच्या चकत्या वेळेत मिळणार नव्हत्या. पुढे अनुरूप प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद झाले, तेव्हा २००८ ते २०१२ या काळात तेथे दुसरा पर्याय आला.

मग थरथरीचे काय केले? उपाय दोन बाजूंनी झाला. ट्यूनर सुधारले. जुन्या टीव्हीत क्वार्ट्झशी तुलना ६२.५ किलोहर्ट्झच्या टप्प्याने होई, डीव्हीबी-टीसाठी १६६.६७ किलोहर्ट्झचा टप्पा रूढ झाला. टप्पा मोठा म्हणजे पहारेकऱ्याची फेरी अधिक वेळा, आणि थरथर लवकर पकडली जाते. पण खरा उपाय संकेतातच होता. ६,८१७ वाहकांपैकी १७७ वाहक प्रत्येक चिन्हात आधीच ठरलेले मूल्य घेऊन जातात. पायलट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहकांवर माहिती काहीच नसते. ते कोणत्या कोनात यायला हवेत हे ग्राहकाला ठाऊक असते. ते किती अंश फिरून आले हे पाहिले, की तेवढेच बाकीच्या साऱ्यांना उलटे फिरवायचे. आपल्या उदाहरणातला ०.९ कळवणारे ते हेच. इतर मार्गदर्शक वाहकही धरले तर ६,८१७ पैकी ६,०४८च माहिती वाहतात. म्हणजे नव्वाएक वाहक बिनपगारी पहारेकरी! ते सगळे आंदोलकासाठी नाहीत, बरेचसे प्रतिध्वनींचा अंदाज घ्यायला आहेत. पण ते १७७ थरथर मोजायला हाताशी असतात.

झिरपणाला मात्र असा सोपा उतारा नाही. चिन्ह चालू असताना काय घडले हे एका सरासरी कोनावरून कळत नाही. तेथे आंदोलक सुधारणे किंवा वाहकांतले अंतर वाढवणे, हेच मार्ग.

पायलटांवर खर्च केलेली जागा पाहून कोणी म्हणेल, सरळ चांगला क्वार्ट्झच का नाही बसवला? क्वार्ट्झ एकाच ठरावीक वारंवारतेवर कंप पावतो, ट्यूनरला सबंध पट्टा फिरायचा असतो. शिवाय प्रक्षेपणात केंद्र एक आणि ग्राहक लाखो. प्रत्येक घरातल्या पेटीवर शंभर रुपये वाढवण्यापेक्षा सगळ्यांसाठी आकाशातली थोडी जागा सोडणे स्वस्त पडते. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. ज्याने यंत्र विकत घ्यायचे त्याच्या खिशाचा विचार मानकाच्या पानांतच केलेला आहे. दूरदर्शनने २०१६ साली काही शहरांत सुरू केलेले डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण याच घराण्यातले. त्या मानकात वाहकांची संख्या सत्तावीस हजारांच्या वर नेता येते.

बिनतारी संगणक-जाळ्यांनी उलट टोक गाठले. १९९९च्या ८०२.११ए या मानकात ५२ वाहक आहेत, ३१२.५ किलोहर्ट्झच्या अंतरावर, म्हणजे टीव्हीच्या दुसऱ्या पर्यायापेक्षा २८० पट दूर. खोलीत प्रतिध्वनी आखूड, त्यामुळे चिन्हही आखूड चालते. सिलिकॉनवर कोरलेल्या, दहाच्या आसपास क्यू असलेल्या आंदोलकाला हे अंतर सोसते. तरीही ५२ पैकी ४ वाहक पायलटच आहेत.

पुढची अडचण वाढत्या वारंवारतेने आणली. मोबाइलमधल्या २६ मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झपासून २६ गिगाहर्ट्झ हवे असतील, तर हजारपट करावी लागते. वेळेतली चूक तेवढीच राहते, पण अंशांत ती हजारपट होते, आणि गोंगाटाची शक्ती दहा लाखपट. एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाची चूक घ्या. २६ मेगाहर्ट्झला ती ०.००९ अंश, कोणी ढुंकून पाहणार नाही. २६ गिगाहर्ट्झला तीच ९.४ अंश. आलेखकागदावरचा कोपऱ्यातला बिंदू ७.७ अंशांवरच घर सोडून गेलेला आहे.

भारतात २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव २०२२ साली झाला. या वरच्या पट्ट्यांसाठी पाचव्या पिढीच्या मोबाइल मानकात केवळ कलेचा माग काढण्यासाठी वेगळा संदर्भ-संकेत ठेवला आहे. चौथ्या पिढीत त्याची गरज पडली नव्हती. वाहकांतले अंतरही तेथील १५ किलोहर्ट्झवरून या पट्ट्यांत १२० किलोहर्ट्झ केले आहे. २०२२च्या सुधारणेत ७१ गिगाहर्ट्झपर्यंतचे पट्टे आले, आणि त्यांच्यासाठी हे अंतर ४८० व ९६० किलोहर्ट्झपर्यंत नेता येते. ९६० किलोहर्ट्झला चिन्ह जेमतेम एक मायक्रोसेकंद टिकते आणि त्यातला राखीव अवधी सुमारे ७३ नॅनोसेकंद. टीव्हीत ६७ किलोमीटर असलेली प्रतिध्वनीची मुभा येथे २२ मीटरवर आली आहे. सुदैवाने ६० गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे फारशा जातच नाहीत.